हॉटेलात धो-धो आणि घरी रिमझिम, असं का होतं? जोरदार मिक्सर शॉवर घेण्याआधी या गोष्टी तपासा

सुट्टीत महाबळेश्वरला किंवा गोव्याला गेलं की एक गोष्ट हमखास होते. हॉटेलच्या बाथरूममधला शॉवर सुरू केला की डोक्यावर अशी धार पडते की प्रवासाचा सगळा शीण उतरतो. तिथंच ठरतं, घरी गेल्यावर बाथरूमचं काम काढायचं आणि असाच शॉवर बसवायचा.

मग शोरूमची फेरी होते. तिथं चकचकीत आठ इंची रेन शॉवर, भिंतीत लपलेला मिक्सर, हातातला शॉवर असं सगळं मांडलेलं असतं. सेल्समन नळ उघडून दाखवतो, पाणी धो-धो पडतं. पैसे भरले जातात, टाइल फोडल्या जातात, आठ-दहा दिवस शेजारच्यांची बोलणी खाऊन काम पूर्ण होतं. पहिल्या दिवशी मोठ्या हौसेनं शॉवर सुरू केला जातो आणि पाणी ठिबकल्यासारखं पडतं. अंगाला साबण लागलेला असतो, पण तो निघत नाही. शेवटी बादली आणि तांब्या परत बाथरूममध्ये येतात.

दोष शॉवरचा असतो का? बहुतेक वेळा नाही. शॉवर पाण्याला जोर देत नाही. जोर येतो तो टाकीच्या उंचीतून, पाइपच्या जाडीतून आणि गिझरच्या क्षमतेतून. शोरूममधल्या शॉवरला मागून पंप जोडलेला असतो, तो तुमच्या घरी येत नाही. म्हणूनच मिक्सर शॉवर घ्यायचा असेल तर सुरुवात शोरूमपासून नाही, गच्चीपासून करायला हवी.

दाब येतो कुठून?

आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत पाणी आधी खालच्या टाकीत येतं, तिथून मोटरनं गच्चीवर चढतं आणि मग स्वतःच्या वजनानं घराघरांत उतरतं. म्हणजे तुमच्या नळाला मिळणारा दाब हा फक्त उंचीचा खेळ आहे. टाकी किती हजार लिटरची आहे याचा दाबाशी संबंध नाही. टाकीतली पाण्याची पातळी आणि तुमचा शॉवर यांच्यात उभं अंतर किती, एवढंच महत्त्वाचं.

हिशोब अगदी सोपा आहे. पाण्याचा दाब ‘बार’ या एककात मोजतात. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार, म्हणजे दर मीटरला ०.१ बार.

आता समजा, तळमजला अधिक तीन मजले अशी एक सोसायटी आहे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सगळ्यात वरच्या फ्लॅटच्या शॉवरपेक्षा ३ मीटर उंच आहे. त्या फ्लॅटला दाब मिळणार फक्त ०.३ बार. त्याच्या खालच्या मजल्याला ०.६, त्याच्या खाली ०.९ आणि तळमजल्याला १.२ बार. इमारत एकच, टाकी एकच, शॉवरसुद्धा एकाच कंपनीचा. पण तळमजल्यावरचे काका शॉवरवर खूश आणि वरच्या मजल्यावरच्या काकू वैतागलेल्या. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

बंगल्यात किंवा गावाकडच्या स्लॅबच्या घरात टाकी थेट छतावर ठेवलेली असते. तिथं हा आकडा ०.२ बारपर्यंतही उतरतो. याउलट वीस-पंचवीस मजली टॉवरमध्ये खालच्या मजल्यांवर दाब इतका वाढतो की तो कमी करण्यासाठी पाइपवर खास व्हॉल्व्ह बसवावे लागतात.

काही जण टाकीखाली विटांचा ओटा बांधून टाकी उचलतात. त्याचा फायदा होतो, पण मीटरभर उंचीनं मिळतो फक्त ०.१ बार. शिवाय १००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते स्लॅबवर कुठं आणि कसं टेकवायचं, हे जाणकाराला विचारल्याशिवाय करू नये.

खोक्यावरचा आकडा नीट वाचा

चांगल्या कंपनीच्या शॉवरच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे मिनिटाला किती लिटर पाणी पडेल आणि दुसरी म्हणजे तो आकडा किती दाबाला आहे. लोक पहिली वाचतात, दुसरी सोडून देतात.

अनेक कंपन्या हा आकडा ३ बार दाबाला देतात. समजा, खोक्यावर ‘१२ लिटर प्रति मिनिट, ३ बार’ असं लिहिलंय. वरच्या सोसायटीतल्या ०.३ बारच्या फ्लॅटमध्ये हाच शॉवर किती पाणी देईल? दाब दहापट कमी झाला म्हणून पाणी दहापट कमी होत नाही. पाणी साधारण दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतं. तरीही हिशोब चार लिटरच्या आतच येतो. तळमजल्यावर १.२ बारला तोच शॉवर साडेसात लिटरच्या आसपास देईल. पाइपमध्ये होणारी घट यात धरलेलीच नाही.

गंमत म्हणजे अमेरिकेत हा प्रश्न नेमका उलटा आहे. तिथं १९९२ च्या कायद्यानं शॉवरवर मर्यादा घातली, मिनिटाला २.५ गॅलन म्हणजे सुमारे साडेनऊ लिटर. ही मोजणी होते ती साधारण साडेपाच बार दाबाला. एकाच शॉवरला अनेक तोंडं असतील तर मर्यादा प्रत्येक तोंडाला लावायची की सगळ्यांना मिळून, यावर तिथं वर्षानुवर्षं वाद झाला. एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी शॉवरच्या याच नियमावर चक्क एक आदेश काढला. तिकडे शॉवरनं पाणी अडवलं म्हणून तक्रार आहे. आपल्याकडे शॉवर पूर्ण उघडा असला तरी मागून पाणीच येत नाही. त्यामुळे परदेशी रिव्ह्यू बघून शॉवर निवडला तर फसगत होण्याची शक्यता जास्त.

दहा मिनिटांची बादली चाचणी

आपल्या घरात नेमका किती जोर आहे हे शोधायला कुठलंही महागडं उपकरण लागत नाही. १५ लिटरची बादली आणि मोबाइलवरचं स्टॉपवॉच पुरतं.

आधी जुना शॉवर फिरवून काढा, म्हणजे आर्मचं तोंड मोकळं राहील. थंड पाणी पूर्ण उघडा आणि बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघा. मग तीच चाचणी गिझरच्या लाइनवर करा, गिझर बंद ठेवून.

बादली मिनिटभरात भरली तर १५ लिटरचा प्रवाह आहे, बऱ्यापैकी शॉवर चालेल. दोन मिनिटं लागली तर साडेसात लिटर. तोंड मोकळं असताना ही स्थिती, मग शॉवर लावल्यावर पाणी याहून कमीच होणार. तीन मिनिटं लागत असतील तर कुठलाही शॉवर घ्या, समाधान होणार नाही. तिथं आधी पाइप किंवा पंपाचा विचार करावा लागेल.

थंड आणि गरम लाइनच्या वेळेत मोठा फरक दिसला तर तीही खूण समजा. बऱ्याचदा गिझरच्या आत-बाहेरची अर्धा इंची जोडणी, त्यातला अडकलेला व्हॉल्व्ह किंवा साचलेले क्षार गरम पाणी अडवतात. अशा घरात मिक्सर बसवला की थंड पाणी गरम पाण्याला दाबतं आणि शॉवर कधी कोमट, कधी गार असा खेळ सुरू होतो.

पाइपची जाडीही इथं कळीची. पाऊण इंची पाइपमधून पाणी जायला अर्धा इंची पाइपच्या दुपटीहून जास्त जागा असते. नवीन काम करताना मुख्य लाइन पाऊण इंची ठेवावी आणि शेवटच्या जोडणीलाच अर्ध्या इंचावर यावं. एल्बो जितके कमी तितकं बरं. तीस-चाळीस वर्षं जुन्या इमारतींत लोखंडी जीआय पाइप असतील तर आतून गंज चढून पाण्याची वाट अरुंद झालेली असते. त्या पाइपवर नवाकोरा शॉवर लावणं म्हणजे खर्च वाया घालवणं.

वॉल मिक्सर, डायव्हर्टर की थर्मोस्टॅटिक?

दाबाचा अंदाज आला की मग मिक्सर निवडायचा. बाजारात ढोबळमानानं तीन प्रकार मिळतात.

पहिला वॉल मिक्सर. हा भिंतीच्या बाहेर दिसतो. गरम आणि थंड अशा दोन चाव्या, खाली बादलीसाठी नळ आणि वर शॉवरला जाणारी जोडणी. त्यात हँड शॉवरचीही सोय असेल तर दुकानदार त्याला ‘थ्री इन वन’ म्हणतात. दिसायला जुन्या वळणाचा वाटतो, पण बिघडला तर टाइल न फोडता बदलता येतो. कमी दाबाच्या घरात, भाड्याच्या घरात आणि जिथं अंघोळ मुख्यतः बादलीनं होते तिथं हाच सगळ्यात शहाणा पर्याय.

दुसरा कन्सील्ड डायव्हर्टर. याची मुख्य बॉडी भिंतीत गाडलेली असते, बाहेर फक्त प्लेट आणि एक दांडा दिसतो. दांडा उचलला की पाणी, फिरवला की गरम-थंड. बाथरूम सुटसुटीत दिसतं. पण यात एक खाचखळगा आहे. काही कंपन्या साधा आणि हाय फ्लो असे दोन प्रकार विकतात. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, आतली वाट मात्र हाय फ्लोची मोठी असते. शॉवर मोठा असेल तर हाय फ्लोच घ्यावा. बॉडी आणि बाहेरची प्लेट अनेकदा वेगवेगळी विकली जाते. आधी दुसऱ्याच मालिकेची बॉडी गाडली गेली तर नंतर प्लेट बसत नाही आणि नवी टाइल फोडायची वेळ येते.

बॉडी किती खोल बसवायची याच्या खुणा तिच्यावरच असतात. टाइल लावून झाल्यावर भिंत कुठपर्यंत येईल हे धरून ती बसवावी लागते. प्लंबर आणि टाइलवाला एकमेकांशी बोलले नाहीत तर इथंच घोळ होतो. टाइल लावायच्या आधी लाइनची प्रेशर टेस्ट करून घ्या आणि उघड्या पाइपचे फोटो काढून ठेवा. पुढे कधी आरसा किंवा कपाट बसवताना ड्रिल पाइपमध्ये घुसायचं वाचेल.

तिसरा थर्मोस्टॅटिक मिक्सर. याला तापमान सांगायचं, ३८ अंश म्हटलं की तो ३८ अंशाचंच पाणी देतो. कुणी शेजारच्या बाथरूममध्ये फ्लश केला आणि थंड पाणी कमी झालं तर हा आपोआप गरम पाणीही कमी करतो. थंड पाणी पूर्ण बंद पडलं तर गरमही अडवतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरात याचा खरा उपयोग आहे, कारण ६० अंशाचं पाणी अवघ्या काही सेकंदांत कातडी भाजू शकतं.

पण याची अट आहे. गरम आणि थंड दोन्ही बाजूंना पुरेसा आणि साधारण सारखा दाब हवा. बऱ्याच मॉडेलना त्यासाठी १ बारच्या आसपास दाब लागतो. ०.३ बारच्या फ्लॅटमध्ये हा महागडा मिक्सर बसवला तर तो नीट कामच करणार नाही.

गिझर १५ लिटरचा, शॉवर १५ लिटरचा

दाब आहे, पाइप आहे, मिक्सरही चांगला आहे. तरीही एक गणित राहतं आणि तेच सगळ्यात जास्त लोक चुकवतात.

समजा, घरी १५ लिटरचा स्टोअरेज गिझर आहे आणि त्यात ६० अंशाचं पाणी तयार आहे. थंडीतली सकाळ, टाकीतलं पाणी २० अंश. अंघोळीला लागतं ४० अंशाचं. म्हणजे एक भाग गरम आणि एक भाग थंड. १५ लिटर गरम पाण्यापासून जास्तीत जास्त ३० लिटर अंघोळीचं पाणी होणार.

आता जोरदार शॉवर मिनिटाला १५ लिटर टाकत असेल तर हे पाणी दोन मिनिटांत संपलं. शाम्पूचा फेस डोक्यावर असतानाच गार पाणी सुरू. गिझर २ किलोवॅटचा असेल तर पुन्हा तेवढंच पाणी तापायला वीस मिनिटं लागतात. शॉवर जितका जोरदार, तितका गिझर लवकर रिकामा. शॉवरनं अंघोळ करायची असेल तर माणशी निदान २५ लिटरचा गिझर धरावा आणि शॉवर मिनिटाला ८-९ लिटरच्या वर नसावा. मग पाच-सहा मिनिटं निवांत मिळतात.

भिंतीवरचा छोटा ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर तर शॉवरसाठी नाहीच. २० अंशाचं पाणी ४० अंशापर्यंत नेताना तो सलग जेमतेम दोन लिटर पाणी मिनिटाला देऊ शकतो. त्याचं काम बादली भरणं किंवा स्वयंपाकघरातलं सिंक.

सोलरवाल्यांची अडचण वेगळी. गच्चीवरच्या साध्या सोलर हीटरचं गरम पाणी उंचीच्या दाबानंच खाली येतं. थंड लाइनला पंप लावला आणि गरम लाइन तशीच ठेवली, तर मिक्सरमध्ये दोन्ही एकत्र येताच थंड पाणी गरम लाइनमध्ये उलटं घुसतं आणि थेट सोलरच्या टाकीपर्यंत चढतं. ‘सोलरचं पाणी अचानक गार का यायला लागलं?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथं असतं. त्यासाठी दोन्ही लाइनवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लागतो आणि दोन्हीकडचा दाब जुळवावा लागतो.

गॅस गिझर असेल तर आधी हे वाचा

गॅस गिझर सलग गरम पाणी देतो, मिनिटाला सहा लिटरचं मॉडेल सर्रास मिळतं. म्हणून अनेकांना वाटतं की शॉवरसाठी हा उत्तम. पण इथं प्रश्न सोयीचा राहत नाही, जिवाचा होतो.

गॅस जळताना बाथरूममधला ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. माणसाला गुदमरल्याचंही कळत नाही, चक्कर येते आणि तो जागेवर कोसळतो. बंद बाथरूममध्ये अशा प्रकारे जीव गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रातही अनेकदा आल्या आहेत.

बादलीच्या अंघोळीत माणूस दार उघडं ठेवून बादली भरतो, गिझर बंद करतो आणि मग आत जातो. शॉवरच्या अंघोळीत मात्र दार लावून माणूस आत असतो आणि तेवढा सगळा वेळ ज्योत पेटलेली असते. म्हणजे बादलीवरून शॉवरवर जाताना गॅस गिझरचा धोका वाढतो. त्यामुळे गिझर बाथरूमच्या आत असेल तर शॉवर घेण्याआधी तो बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी हलवा. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून चालेल, असं समजू नका.

शिवाय कमी दाबाला गॅस गिझर पेटतच नाही. मिक्सरनं थोडं थंड पाणी मिसळलं की गिझरमधून जाणारं पाणी कमी होतं, ज्योत विझते आणि अंगावर एकदम गार पाणी येतं. मग माणूस थंड बंद करतो, ज्योत पुन्हा पेटते आणि या वेळी चटका बसतो.

पंप लावला की झालं का?

बादली चाचणीत नापास झालेल्या घरांसाठी प्रेशर पंप हा खरा उपाय आहे. गच्चीच्या टाकीतून तुमच्या घराकडे येणाऱ्या लाइनवर तो बसतो, नळ उघडला की सुरू होतो आणि बंद केला की थांबतो. पंपानं १ बार दिला म्हणजे टाकी दहा मीटर वर उचलल्यासारखं झालं. ०.३ बारचा फ्लॅट थेट तळमजल्याच्याही पुढे जातो.

पण तो लावताना चार गोष्टी बघा. पंप गरम-थंड लाइन वेगळ्या होण्याआधी लावा, म्हणजे दोन्हीकडे सारखा दाब जाईल. गिझरच्या प्लेटवर तो किती बारला चालतो हे लिहिलेलं असतं, ते पंपाशी जुळतंय का बघा. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं पाणी ठिबकायला लागलं तर प्लंबरला बोलवा, पण तो व्हॉल्व्ह बूच मारून कधीही बंद करू नका. टाकी रिकामी झाल्यावर पंप कोरडा चालून जळू नये, अशी सोय त्यात हवी. आणि जुन्या पाइपवर एकदम दाब वाढला तर कमकुवत सांधे गळू लागतात, त्यामुळे आधी लाइन तपासून घ्या.

सोसायटीत गच्ची सगळ्यांची असते, त्यामुळे परवानगी घ्यावी लागते. पालिकेच्या नळाला थेट मोटर जोडणं तर बेकायदेशीरच आहे. त्यानं शेजारच्यांचं पाणी ओढलं जातं.

मोठा शॉवर म्हणजे जोरदार शॉवर नाही

पंप लावायचा नसेल तर एक स्वस्त मार्ग उरतो, तो म्हणजे लहान शॉवर. आठ इंची गोल शॉवरचं क्षेत्रफळ चार इंची शॉवरच्या चौपट असतं. येणारं पाणी तेवढंच, पण ते चौपट जागेत वाटलं गेलं तर प्रत्येक छिद्राच्या वाट्याला थेंबच येणार. तेच पाणी चार इंचांतून आलं की धार लागते. कमी दाबाच्या घरात चार इंची शॉवर किंवा हँड शॉवर आठ इंचीपेक्षा जास्त समाधान देतो.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर रबरासारखी मऊ सिलिकॉनची छिद्रं असलेला शॉवर घ्या. क्षार जमले की बोटानं चोळून काढता येतात. धातूच्या बारीक छिद्रांचा शॉवर अशा पाण्यात हळूहळू बुजत जातो आणि दोष मात्र दाबाला दिला जातो.

आणि पाणी किती जाणार?

शहरातल्या पाणीपुरवठ्याचं नियोजन करताना सरकारी निकष माणशी दिवसाला १३५ लिटरचा आहे. यात पिणं, स्वयंपाक, कपडे, भांडी, संडास, अंघोळ सगळं आलं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या घरासाठी हा आकडा माणशी ५५ लिटर आहे.

मिनिटाला १५ लिटरच्या शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं तर १५० लिटर गेले. शहरातल्या माणसाचा पूर्ण दिवसाचा कोटा एका अंघोळीत संपला आणि गावातल्या माणसाचा पावणेतीन दिवसांचा. दीड बादलीची अंघोळ २५-३० लिटरमध्ये होते. मे महिन्यात सोसायटीत टँकर येतात तेव्हा हा फरक मेंटेनन्सच्या बिलातही दिसतो. म्हणून ‘जोरदार’ याचा अर्थ जास्त पाणी असा घेऊ नका. चांगल्या दाबाला ७-८ लिटरचा लहान शॉवरही अंगाला छान लागतो आणि साबण लवकर काढतो.

शोरूमला जाण्याआधी ही यादी मोबाइलमध्ये ठेवा

• टाकीतलं पाणी आणि शॉवर यांच्यात उभं अंतर किती मीटर? त्याला दहानं भागा, मिळाला तुमचा दाब बारमध्ये.
• थंड आणि गरम लाइनवर १५ लिटरची बादली भरायला किती सेकंद लागले?
• पाइप अर्धा इंची की पाऊण इंची? लोखंडी की सीपीव्हीसी?
• गिझर किती लिटरचा, किती किलोवॅटचा, किती बारचा? गॅसचा असेल तर बाथरूमच्या बाहेर आहे ना?
• अंदाजे ०.५ बारपेक्षा कमी दाब असेल तर साधा वॉल मिक्सर आणि लहान शॉवर, किंवा आधी पंप.
• ०.५ ते १ बार असेल तर हाय फ्लो डायव्हर्टर आणि मध्यम आकाराचा शॉवर.
• १ बारच्या वर असेल तर मोठा शॉवर आणि थर्मोस्टॅटिक मिक्सर, दोन्हींचा विचार करता येईल.

दुकानात पहिला प्रश्न किंमत किंवा डिझाइनचा विचारू नका. ‘हा शॉवर कमीत कमी किती बारला चालतो?’ एवढं विचारा. उत्तर तुमच्या आकड्याशी जुळलं तरच पुढे बोला. आणि मिक्सर कुठलाही घेतलात तरी खाली बादलीसाठी एक नळ ठेवाच, कारण लाइट गेली की पंपही बंद पडतो.